यष्ट्यांमागची पारख

चेन्नईच्या चेपॉक मैदानावर २२ मार्च २००१ रोजी भारताने ऑस्ट्रेलियाला दोन गडी राखून हरविले आणि ती गाजलेली कसोटी मालिका २-१ अशी जिंकली. हरभजनसिंगने विजयी धावा काढल्या तेव्हा समोरच्या टोकाला २२ धावांवर नाबाद उभा होता तो मुंबईचा यष्टिरक्षक समीर दिघे. त्याचा तो पहिलाच कसोटी सामना होता आणि वयाची बत्तिशी उलटून गेली होती. त्याच वर्षात दिघेच्या वाट्याला एकूण सहा कसोटी सामने आले. त्यानंतर दोन दशके उलटून गेली, परंतु मुंबईचा एकही यष्टिरक्षक भारताकडून कसोटी सामना खेळलेला नाही.

ज्या शहराने या जागेसाठी माणसे पुरविण्याचा जणू मक्ताच घेतला होता, त्याच्या बाबतीत हे घडावे, याचे आश्चर्य वाटते. दत्ताराम हिंदळेकर, माधव मंत्री, इब्राहिम माका, नरेन ताम्हाणे, फारूख इंजिनीअर, चंद्रकांत पंडित अशी ही परंपरा आहे. बुधी कुंदरन रणजी करंडकात रेल्वे आणि म्हैसूरकडून खेळला, पण त्याचेही क्रिकेट मुंबईच्याच शाळेत घडले. मंत्री हे दादरच्या हिंदू कॉलनीतले आणि दादर युनियनचे कर्णधार. इंजिनीअर दादर पारशी कॉलनीत वाढला आणि माटुंग्याच्या पोदार महाविद्यालयात शिकला. पंडित शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली तयार झाला. म्हणजे दादर-माटुंग्याच्या दोन-तीन चौरस किलोमीटरांतून तीन कसोटी यष्टिरक्षक निघाले. महिला क्रिकेटमध्ये हा धागा तेवढा तुटला नाही. मुंबईच्या सुलक्षणा नाईकने २००२ मध्ये पदार्पण केल्यावर दशकभर भारताचे यष्टिरक्षण केले. पुरुषांच्या संघात मात्र ही परंपरा दिघेपाशी येऊन थांबली.

मुंबईत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांची संख्या कमी झाली, असे म्हणता येणार नाही. शिवाजी पार्कवर किंवा आझाद मैदानावर कोणत्याही सकाळी नजर टाकली तर हातमोजे घातलेली पोरे डझनांनी दिसतात. तेव्हा प्रश्न संख्येचा उरत नाही. प्रश्न पारखेचा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलात यष्टिरक्षक आहे की नाही, हे कोण, कशावरून आणि कितीदा पाहून ठरवितो? या प्रश्नाच्या उत्तरातच मुंबईच्या रिकाम्या जागेचे एक मोठे कारण दडलेले आहे. यष्टिरक्षकाच्या बाबतीत कोवळ्या वयात हात पाहावेत आणि धावांचा हिशेब पुढे मागावा, हा शहाणपणाचा क्रम होय. आजची सारी व्यवस्था या क्रमाला उलटे करते.

याची सुरुवात स्कोअरबुकापासून होते. चौदा वर्षांखालील मुलांची गाइल्स शील्ड असो वा सोळा वर्षांखालील हॅरिस शील्ड, सामना संपल्यावर मागे उरतो तो वहीतला आकडा. फलंदाजाची प्रत्येक धाव त्यात असते. गोलंदाजाचे प्रत्येक षटक असते. यष्टिरक्षकाच्या नावावर मात्र फक्त त्याने घेतलेले झेल आणि यष्टिचीत यांची नोंद होते. सुटलेल्या झेलाला या वहीत जागा नाही. हुकलेल्या यष्टिचीतलाही नाही. बाइजच्या धावा लिहिल्या जातात, परंतु त्या यष्टिरक्षकाच्या ढिलाईने गेल्या की उखडलेल्या खेळपट्टीवर चेंडू घोट्याखालून सरपटला म्हणून गेल्या, हे वही सांगत नाही. दोन मुलांनी प्रत्येकी तीन झेल घेतले, असे वहीत दिसते. त्यांपैकी एकाकडे तीनच झेल आले होते आणि दुसऱ्याकडे सात, हे त्या दिवशी मैदानावर उभा असलेला माणूसच सांगू शकतो.

अशा स्थितीत निवड करणाऱ्यासमोर निर्विवाद असे एकच साधन उरते, ते म्हणजे त्या मुलाने फलंदाजीत काढलेल्या धावा. तीन यष्टिरक्षकांमधून एक निवडायचा असेल तर ज्याच्या नावावर शतक आहे, त्याची बाजू मांडणे सोपे जाते. पालकांना उत्तर देता येते, शाळेला देता येते आणि वृत्तपत्रांनाही देता येते. यात कोणाचा पक्षपात असतो असे नाही. जे मोजलेले असते ते डोळ्यांसमोर राहते आणि जे मोजलेले नसते ते बैठकीत बोललेच जात नाही, एवढाच याचा अर्थ.

कल्याणच्या प्रणव धनावडेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जानेवारी २०१६ मध्ये आंतरशालेय भंडारी करंडक स्पर्धेत त्याने नाबाद १००९ धावा केल्या आणि जगभरातील वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर त्याचे नाव झळकले. तो मुलगा यष्टिरक्षक होता. त्या आठवड्यात त्याच्या चौकारांची आणि षटकारांची मोजदाद झाली, त्याच्या घरची परिस्थिती छापून आली, परंतु त्याचे यष्टिरक्षण कसे आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. वरच्या पातळीवरही चित्र निराळे नाही. मुंबईने २०२३-२४ मध्ये ४२व्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या मोसमातील हार्दिक तामोरेची आठवण निघते ती बडोद्याविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यातील ११४ धावांसाठी. मोसमभर यष्ट्यांमागे त्याने काय केले, याची आठवण ठेवायला आकडाच उपलब्ध नाही.

मग जाणकार डोळा नेमके काय पाहतो? पहिली गोष्ट म्हणजे मुलगा उठतो केव्हा. कच्चा यष्टिरक्षक चेंडू टप्पा घेण्याआधीच बैठक सोडतो. पक्का यष्टिरक्षक चेंडूच्या उसळीबरोबर उठतो. दुसरी गोष्ट हातांची. बोटे जमिनीकडे, तळवे उघडे आणि चेंडू आत येताना हात किंचित मागे घेणारे असतील तर चेंडूचा आवाजही वेगळा येतो. मैदानावरची जुनी मंडळी पाठमोरे उभे राहूनही त्या आवाजावरून कीपर ओळखीत. तिसरी आणि सर्वांत कठीण कसोटी लेगच्या बाजूची. फिरकी गोलंदाजीला यष्ट्यांना लागून उभे राहिल्यावर लेगला जाणारा चेंडू क्षणभर फलंदाजाच्या शरीराआड जातो. त्या आंधळ्या क्षणी मुलाचे पाय आधी हलतात की हात, यावरून बरेच काही ठरते.

याहून सूक्ष्म असे आणखी काही आहे. फलंदाजाने चेंडू मारला की प्रेक्षकाची नजर चेंडूबरोबर सीमारेषेकडे धावते. पारख करणाऱ्याने मात्र अशा वेळी यष्टिरक्षकाकडे पाहायचे असते. चेंडू मारला गेला नसता तर हातमोजे बरोबर त्या जागी होते काय? दिवसाच्या ९० षटकांत ५४० चेंडू पडतात आणि यष्टिरक्षक किमान तितक्यांदा उठबस करतो. त्यांतील फार थोडे चेंडू त्याच्या परीक्षेचे असतात, पण परीक्षेचा चेंडू कोणता, हे आधी कळत नाही. म्हणून शेवटच्या तासात त्याची बैठक किती खाली राहते, झेल सुटल्यावर पुढच्याच चेंडूला त्याचे हात कसे आहेत, सीमारेषेवरून फेक येत असताना तो यष्टीपर्यंत धावत पोहोचतो की मध्येच थबकतो, या गोष्टींना मोल आहे. हे सारे एका सत्रात दिसत नाही. त्यासाठी दिवसभर आणि अनेक दिवस उभे राहावे लागते.

पूर्वी हे डोळे कोठून येत होते? उत्तर मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये आहे. १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग ऐन पावसाळ्यात खेळली जाते. ओलसर, न झाकलेल्या खेळपट्टीवर एक चेंडू छातीशी उसळतो आणि दुसरा गवतातून सरपटत येतो. फलंदाजाच्या तंत्राची कसोटी म्हणून या लीगचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु त्याच खेळपट्टीवर यष्टिरक्षकाला प्रत्येक चेंडू नव्याने वाचावा लागे, याचा उल्लेख क्वचितच होतो. त्यात भर फिरकी गोलंदाजांची. सुभाष गुप्ते यांचा गुगली असो वा पद्माकर शिवलकर यांची डावखुरी फिरकी, अशा गोलंदाजांपुढे यष्ट्यांना लागून उभे राहणारा मुलगा दोन मोसमांत एक तर तयार होई, नाही तर हातमोजे ठेवून देई.

आकडेही हेच सांगतात. ताम्हाणे यांनी २१ कसोटी सामन्यांत ५१ बळी टिपले, त्यांपैकी १६ यष्टिचीत होते. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. महेंद्रसिंग धोनीच्या ९० कसोटींतील २९४ बळींमध्ये यष्टिचीत ३८ आहेत, म्हणजे सुमारे १३ टक्के. यावरून ताम्हाणे धोनीपेक्षा श्रेष्ठ ठरत नाहीत. दोघांच्या काळातील गोलंदाजीच निराळी होती. मात्र यष्टिरक्षक कोणत्या गोलंदाजीवर घडतो आणि त्याची परीक्षा कोठे होते, हे या फरकातून स्पष्ट होते.

आज मुंबईतील मुलाचा बहुतेक वेळ नेटमध्ये जातो आणि नेटमध्ये यष्टिरक्षकाला जागाच नसते. फलंदाजाच्या मागे जाळी असते आणि चेंडू ती अडविते. गिरगावातील वाडीत किंवा लालबागच्या चाळीत यष्टिरक्षकाचे काम भिंत करते, शिवाजी पार्कच्या नेटमध्ये ते जाळी करते. हातमोजे घेऊन आलेला मुलगा पॅड बांधून फलंदाजीच्या रांगेत उभा राहतो. सरावाच्या दोन तासांत त्याच्या वाट्याला दहा मिनिटांची फलंदाजी येते आणि यष्टिरक्षणाचा सराव म्हणजे कोणीतरी कोपऱ्यात उभे राहून अंगावर फेकलेले वीस-पंचवीस झेल. आचरेकर मुलांना नेटपेक्षा सामन्यांत अधिक गुंतवीत, एका सामन्यातून उचलून दुसऱ्या सामन्यात खेळवीत. त्या पद्धतीचा लाभ फलंदाजांना झाला, हे सर्वज्ञात आहे. यष्टिरक्षकाला तर सामन्यावाचून शाळाच नसते.

पारख करणारी पिढीही विरळ झाली. एकेकाळी टाइम्स शील्डमध्ये मफतलाल, निर्लॉन, एसीसी, टाटा अशा कंपन्यांचे संघ उतरत. रणजी संघाची दारे न उघडलेल्या यष्टिरक्षकालाही तेथे नोकरी मिळे, तो चाळिशीपर्यंत खेळे आणि संध्याकाळी आपल्या क्लबच्या पोरांकडे पाहत बसे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरला आणि पुढे कंपनी क्रिकेटचाही जोर कमी झाला. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी मनोरे आणि मॉल आले. या स्थित्यंतराचा विचार नेहमी रोजगाराच्या अंगाने होतो आणि तो योग्यच आहे. मात्र त्याबरोबर मैदानाच्या कडेला बाकावर बसून विनामोबदला पारख करणारा जाणकारही नाहीसा झाला.

याच पेचातून दुसरा एक खेळ गेलेला आहे, तो म्हणजे अमेरिकेतील बेसबॉल. तेथे यष्टिरक्षकाच्या जागी कॅचर असतो. तोही सबंध सामनाभर उकिडवा बसतो, त्याच्याही हाती सर्वाधिक चेंडू येतात आणि गोलंदाजाला, म्हणजे पिचरला, कोणता चेंडू टाकायचा हे बोटांच्या खुणांनी सुचविण्याचे कामही परंपरेने तोच करतो. तेथील व्यावसायिक पारखी तरुण खेळाडूच्या प्रत्येक कौशल्याला २० ते ८० यांमध्ये स्वतंत्र गुण देतात. ५० म्हणजे सर्वसाधारण व्यावसायिक खेळाडू. महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रत्येक कौशल्याला गुण दोनदा दिले जातात, एक आजच्या खेळाचा आणि दुसरा पूर्ण वाढ झाल्यावर तो कोठवर पोहोचेल याचा. कॅचरच्या हातात चेंडू आल्यापासून सुमारे ३९ मीटरवरील दुसऱ्या बेसवरच्या सहकाऱ्याच्या हाती पडेपर्यंत किती वेळ लागला, हे घड्याळ लावून मोजले जाते. दोन सेकंदांच्या आसपासची वेळ ही वरच्या पातळीवरील सर्वसाधारण वेळ मानली जाते. फलंदाजीचा रकाना वेगळा, फेकीचा वेगळा, चेंडू झेलण्याचा वेगळा. एका रकान्यातील शतक दुसऱ्या रकान्यातील शून्य झाकू शकत नाही.

तेथेही सारे सुरुवातीपासून आलबेल नव्हते. कडेवरून जाणारा चेंडू कॅचरने शांत हातांनी झेलला तर पंच तो अनुकूल ठरवितो, असे जुने पारखी सांगत. अनेक वर्षे ही केवळ मैदानावरची वदंता मानली गेली. २००७ च्या सुमारास प्रत्येक चेंडूचा मार्ग कॅमेऱ्यांनी टिपला जाऊ लागला आणि आकडेमोड झाली, तेव्हा शांत हात संघाच्या मोसमभरात बऱ्याच धावा वाचवितात, हे सिद्ध झाले. ज्यांची फलंदाजी बेताची होती अशा कॅचरांना एकाएकी भाव आला. जुन्या डोळ्याला दिसत होते ते खरे होते, फक्त त्यासाठी रकाना नव्हता. उलट बाजूचे उदाहरण भारतातलेच आहे. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून वेगवान फेक करणारी भारतीय मुले शोधण्यात आली आणि उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल यांच्याशी पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. तो शोध झटपट पार पडू शकला, कारण वेग मोजणारे यंत्र समोर ठेवले की निकाल लागत होता. कॅचर शोधण्याची स्पर्धा तशी भरविता येत नाही. हात, पाय आणि मन एकाच वेळी मोजणारे यंत्र नाही.

घरचे सर्वांत मोठे उदाहरण धोनीचे आहे. मुंबईचे क्रीडा पत्रकार मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून आणि दिलीप वेंगसरकर यांच्या नेतृत्वाखाली क्रिकेट नियामक मंडळाने २००२ मध्ये गुणवत्ता शोध विभाग सुरू केला. माजी खेळाडूंनी लहान शहरांत जाऊन सामने पाहावेत आणि लेखी अहवाल द्यावा, अशी ती योजना होती. बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार यांनी २००३ मध्ये जमशेदपूर येथे झारखंडकडून खेळणाऱ्या धोनीला पाहिले आणि राष्ट्रीय अकादमीकडे अहवाल पाठविला. त्या वेळचे धोनीचे यष्टिरक्षण पुस्तकात शोभणारे नव्हते. आजचे गुण कमी आणि उद्याचे गुण अधिक, असा तो खेळाडू होता. केवळ धावफलक वाचणाऱ्याला हा फरक दिसला नसता आणि केवळ तंत्राचे पुस्तक घेऊन बसलेल्यालाही दिसला नसता. दादरच्या लोकांच्या पुढाकाराने देशाला यष्टिरक्षक मिळाला आणि दादरची जागा मात्र रिकामीच राहिली, हा यातला विरोधाभास.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ॲडम गिलख्रिस्टने कसोटीत साडेपाच हजारांहून अधिक धावा केल्यानंतर, फलंदाजी न येणाऱ्या यष्टिरक्षकाला भवितव्य उरले नाही. आयपीएलच्या नोव्हेंबर २०२४ मधील लिलावात ऋषभ पंतसाठी २७ कोटी रुपये मोजले गेले, तेही बॅट आणि हातमोजे या दोन्हींसाठी. मग मुंबईने मुलांच्या धावा पाहिल्या तर चुकले कोठे? शिवाय हा वाद आजचा नाहीच. कुंदरनने १९६३-६४ च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत ५२५ धावा काढल्या आणि त्यानंतरही त्याची व इंजिनीअरची एकाच जागेसाठी चढाओढ सुरू राहिली. पंडितचे कसोटी पदार्पण १९८६ मध्ये लीड्सला झाले ते फलंदाज म्हणून, यष्ट्यांमागे किरण मोरे होता.

आक्षेपाचे उत्तर वयात आहे. फलंदाजी सोळाव्या वर्षानंतरही झपाट्याने सुधारू शकते, कारण तिच्यासाठी नेट आहेत, प्रशिक्षक आहेत, यंत्रे आहेत. यष्ट्यांना लागून उभे राहण्याची सवय, लेगच्या बाजूचे पाय आणि मऊ हात या गोष्टी मात्र लहानपणी अंगवळणी पडल्या नाहीत तर पुढे फार कष्टाने येतात. त्यातच तेरा ते पंधरा या वयात मुलगा एकाएकी उंच होतो, त्याचे हात-पाय काही महिने एकमेकांचे ऐकत नाहीत आणि कालचा चांगला यष्टिरक्षक आज झेल सोडू लागतो. नेमक्या याच काळात त्याची निवड चाचणी येते. त्या दिवशी धावा झाल्या नाहीत तर त्याला बाजूला काढले जाते आणि एखाद्या सलामीच्या फलंदाजाला हातमोजे दिले जातात. सोडून दिलेला मुलगा पुन्हा परत येत नाही. दादर स्थानकावर पहाटेच्या गर्दीत दोन जोड पॅडची ती जड बॅग सांभाळत येण्याचे कारणच त्याच्यापाशी उरत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. शालेय सामन्यांच्या स्कोअरबुकात यष्टिरक्षकासाठी एक पान वाढवावे आणि आलेली संधी, घेतलेली संधी, सुटलेली संधी यांची नोंद व्हावी. त्यासाठी एक पेन्सिल आणि एक जागरूक गुणलेखक पुरे. निवडीपूर्वी प्रत्येक मुलाला दोन वेगवेगळ्या जाणकारांनी किमान तीन सामन्यांत पाहावे, त्यांतील एक तरी सामना फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवरचा असावा. अहवालात आजचे गुण आणि उद्याचे गुण वेगळे लिहावेत, म्हणजे दोन वर्षांनी पारख करणाऱ्याचीही पारख होईल. सोळा वर्षांखालील शिबिरात यष्टिरक्षकाच्या जागा केवळ यष्टिरक्षणावर भराव्यात, फलंदाजीची अट एकोणीस वर्षांखालील गटापासून लावावी. जाणकार नाहीत अशी सबब मुंबईला सांगता येणार नाही. पंडितने प्रशिक्षक म्हणून मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश या तीन संघांना रणजी करंडक जिंकून दिला. दिघे, विनायक सामंत, आदित्य तरे यांनी वर्षानुवर्षे मुंबईच्या यष्ट्यांमागे उभे राहून हा खेळ पाहिला आहे. खेळाकडे सर्वांत जवळून पाहणारी ही माणसे आहेत आणि पाहणे हेच तर येथे हवे आहे.

ताम्हाणे पुढे राष्ट्रीय निवड समितीवर होते आणि सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरची भारतीय संघात निवड करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. एका यष्टिरक्षकाच्या डोळ्याने एक फलंदाज पारखला, याचा मुंबईला सार्थ अभिमान आहे. आता शिवाजी पार्कवर हातमोजे घालून उभ्या असलेल्या पोराकडे तितक्याच निगुतीने पाहणारा डोळा त्याला लाभला पाहिजे. चेंडू बॅटला लागून सीमेकडे गेल्यावरही जो क्षणभर यष्ट्यांमागेच पाहत राहतो, असा माणूस मैदानाच्या कडेला पुन्हा बसविणे, हे मुंबईच्या हाती आहे.